रानातल्या सोयी

आता सगळे इथे बसा आणि एकेकाने विचारा. मेळघाटात सेमाडोहला शिबिराला निघालात आणि सकाळपासून माझ्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावला आहे. आजोबा, तिथे फ्रीज आहे का? रात्री दिवा असतो का? संडास खोलीतच आहे ना? राखणीला कोण असतं? प्रश्न अगदी रास्त आहेत. उत्तरं मात्र थोडी लांब आहेत, कारण रानातल्या मुक्कामात माणसांसाठी सोयी मोजक्याच असतात. रानाने स्वतःसाठी केलेल्या सोयींना मात्र गणती नाही, आणि त्या बघायलाच तर तुम्ही निघाला आहात.

परतवाडा हे वाटेवरचं शेवटचं मोठं गाव. काय घ्यायचं ते तिथेच घ्यायचं. मग घाट लागतो आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. हे सातपुड्याचं रान. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशभरातून निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. सेमाडोहला सिपना नदीपाशी वनखात्याचं संकुल आहे. साध्या कुट्या, ओळीने खाटा मांडलेली एक मोठी खोली, पुढे अंगण. आणखी पुढे गेलात की सिपनेच्या वळणावर कोलकासचं विश्रामगृह लागतं. जेवायला वरण-भात, पोळी-भाजी, कधी पिठलं. आसपासच्या गावांतले कोरकू लोक कुटकी पिकवतात. कुणी कुटकीचा भात वाढला तर नको म्हणू नका. आणि मेळघाटचा खवा चाखल्याशिवाय परतू नका.

आता फ्रीजचं. पडवीत वाऱ्याच्या वाटेवर, वाळूच्या थरावर ठेवलेला माठ हाच तिथला फ्रीज. मे महिन्यात खाली अकोला-अमरावतीकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा या माठातलं पाणी दातांना गार लागतं. बर्फ नाही, वीज नाही, मग गारवा कुठून आला?

माठाच्या भाजलेल्या मातीला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी पुरते. त्याच एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी लागतात. ही उष्णता आतल्या पाण्यातूनच जाते. आता थोरल्याने गणित करायचं. एक लिटर पाण्यातलं फक्त दहा मिलिलिटर उडालं, तर 5800 कॅलरी गेल्या. त्या सगळ्या आतल्या पाण्यातून गेल्या असं धरलं, तर उरलेलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरलं. म्हणून माठ वाऱ्यात ठेवतात, म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळतात, आणि म्हणूनच माठाला बाहेरून तैलरंग फासणं म्हणजे त्याचा जीव घेणं. रंगाने छिद्रं बुजली की माठ नुसता शोभेचा राहतो. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, वाफ होत नाही, तेव्हा माठ रुसतो.

हीच युक्ती रानात सगळीकडे चाललेली आहे. आपल्याला घाम येतो तो याचसाठी. वाघाला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो तोंड उघडून धापा टाकतो, आणि उन्हाळ्यात दुपारी पाणवठ्यात उलटा, म्हणजे आधी मागचं अंग बुडवत, जाऊन बसतो. करकोच्याला तर तेवढंही पाणी लागत नाही. तो स्वतःच्याच पायांवर पातळ शिटतो. ते वाळताना पायातल्या रक्ताची उष्णता जाते. हसू नका, तळपत्या उन्हात उभं राहायचं तर ही पक्की व्यवस्था आहे.

आणि साग? झाडंही पानांतून पाणी उडवून स्वतःला गार ठेवतात. पण त्याला जमिनीत पाणी हवं. मेळघाटात पाऊस चार महिन्यांचा. एप्रिल-मेमध्ये मुळांना पुरेसं पाणी मिळत नाही, आणि सागाचं पान तर केवढं, तुमच्या जेवणाचं ताट झाकेल एवढं. म्हणून साग उन्हाळ्याआधी पानंच गाळून टाकतो. तुम्हाला मे महिन्यात रान उघडं-बोडकं दिसेल आणि कुणीतरी म्हणेल, 'जंगल वाळलं.' त्याला सांगा, वाळलेलं नाही, पाऊस येईपर्यंत पाण्याचा खर्च बंद केला आहे.

त्या गळलेल्या पानांचा आणखी एक उपयोग आहे, पण तो राखणदारांच्या गोष्टीत सांगतो. आधी पडवीतून खाली उतरा.

पडवीच्या कडेला, जिथे पावसाचं पाणी पोचत नाही, तिथल्या भुसभुशीत मातीत बोटभर रुंदीचे गोल खड्डे दिसतील. प्रत्येक खड्डा नेमका उतरता. पाय ठेवू नका. पोटावर पडा आणि बघा. तळाशी मातीत दडून एक अळी बसलेली असते, मुंगीसिंह तिचं नाव. गव्हाचं पोतं खळ्यात ओतलं की ढिगाला एक ठरावीक उतार येतो आणि वर आणखी एक मूठ टाकली तर दाणे घसरतात, तसाच घसरणीच्या बेतात असलेला उतार ही अळी मातीत खोदून तयार करते. एखादी मुंगी काठावरून चालताना आत पाय टाकते आणि तिच्याखालची माती सुटते. ती वर चढू लागली की अळी तळातून डोक्याने माती उडवते. मातीचा मारा आणि घसरडा उतार, दोन्ही एकदम. मुंगी थेट जबड्यात येते. जबड्यातून विष आत जातं आणि मग मुंगीच्या आतला रस शोषला जातो. रिकामं कवच अळी बाहेर भिरकावते.

आता यातला नवलाचा भाग. ही अळी खाते, वाढते, पण शी करत नाही. तिच्या आतड्याचा पुढचा मार्गच बंद असतो. सगळी घाण पोटात साठवून ठेवते, कोश करते, आणि नाजूक जाळीदार पंखांचा कीटक होऊन बाहेर आल्यावर एकदाच ती टाकते. असा पाहुणा पडवीखाली राहतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

शीची गोष्ट निघालीच आहे तर संडासाचं सांगून टाकतो. काही मुक्कामांत तो खोलीला लागून असतो, काही ठिकाणी अंगण ओलांडून जावं लागतं. रात्री जाताना पायांत बूट, हातात टॉर्च, आणि सोबत कुणीतरी. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. विंचवाला आतला अंधार आवडतो. बस, एवढंच. पण रानात गवे आहेत, सांबरं आहेत, अस्वलं आहेत. त्यांची घाण कोण उचलतं, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही.

ते काम शेणकिड्यांकडे आहे. गव्याचं ताजं शेण पडलं की वासावर ते उडत येतात. काही जण शेणाखालीच बोगदे करून माल आत नेतात. काही जण त्याचा गोळा करतात आणि मागच्या पायांनी ढकलत, डोकं खाली ठेवून, उलटे चालत निघतात. गोळा पुरून त्यात अंडी घालतात. अळीला घरबसल्या जेवण मिळतं आणि जमिनीला खत. गोळा घेऊन निघालेल्या किड्याला भीती एकच, दुसरा किडा तो पळवेल. म्हणून तो ढिगापासून सरळ रेषेत, सर्वांत जवळच्या वाटेने दूर जातो. पण उलटं चालताना, खाली डोकं ठेवून, सरळ रेषा राखायची कशी?

आफ्रिकेतल्या एका शेणकिड्यावर स्वीडनच्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध लावला. चंद्र नसलेल्या रात्रीही किडे सरळ जात होते. मग त्यांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्याशा टोप्या बसवल्या, वरचं आकाश दिसू नये म्हणून. किडे भरकटले. पारदर्शक टोपी घातली तर पुन्हा सरळ. शेवटी किडे जोहान्सबर्गच्या तारांगणात नेले आणि छतावर नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखवला. किडे सरळ चालले. 2013 साली हे प्रसिद्ध झालं. ज्याला आपण घाणीतला किडा म्हणतो, तो रात्री आकाशगंगा बघून वाट ठरवतो. मेळघाटातले शेणकिडे काय बघतात हे शोधायला तुमच्यापैकी कुणी मोठेपणी जाणार असेल तर मला आत्ताच सांगून ठेवा.

राखणीचं विचारलंत. वनरक्षक असतात, वनमजूर असतात, आणि उन्हाळ्यात त्यांचा निम्मा जीव वणव्याकडे लागलेला असतो. उन्हाळा लागण्याआधीच ते जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे रानात लांबच लांब पट्टे साफ करतात, आग एका बाजूची दुसरीकडे जाऊ नये म्हणून. सागाची वाळकी पानं ठिणगीची वाट बघत असतात. म्हणून शिबिरात शेकोटीचा हट्ट धरायचा नाही. हे मी ठासून सांगतो आहे.

पण खरी राखण चोवीस तास चालते ती वेगळीच. उंच झाडावर वानरं असतात. त्यांची नजर लांबवर जाते. झाडाखाली चितळं असतात, कारण वानरं पानं-फळं अर्धी खातात आणि अर्धी खाली टाकतात, आणि चितळांना ते आयतं मिळतं. चितळांचं नाक आणि कान तिखट. वरून डोळे, खालून नाक-कान, अशी दोघांची मिळून पहारेदारी. बिबट्या दिसला की वानर खाकरल्यासारखं खर्जात ओरडतं, चितळ तीक्ष्ण हाक देतं. रानातले वाटाडे याला 'कॉल' म्हणतात. कॉल आला की रान दाखवायला नेणारी जिप्सी गाडी थांबते आणि सगळ्यांच्या माना वळतात. वानर कधी उगीचही घाबरतं, चितळही. पण सांबराने पाय आपटत भोंग्यासारखा कॉल दिला आणि देतच राहिलं, तर जवळपास वाघ किंवा बिबट्या आहे असं अनुभवी वाटाडे धरून चालतात. आणि गळलेली सागाची पानं म्हणाल, तर त्यांच्यावरून उंदीर गेला तरी खडखड होते. वाघ-बिबटे धुळीच्या मऊ वाटेवरून चालणं पसंत करतात, त्याचं एक कारण हेच.

आता धाकटीचा प्रश्न, जो तिने सगळ्यांत हळू विचारला. रात्री दिवा असतो का?

वीज असते, पण येते आणि जाते. कधी रात्रभर येत नाही. आणि मी तर म्हणेन, आली तरी एक तास मालवून बसा. दिवा लावलात की आधी किडे येतात. किड्यांना दिवा आवडतो असं आपण समजत आलो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळंच दिसलं. उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षं रात्रीचा उजेड म्हणजे वरचं आकाश, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे आपण सुलटे आहोत ही त्याची खूण. शेजारी दिवा आला की किडा त्याच्याकडे पाठ करायला कलतो, कलतो आणि त्याच्याभोवतीच फिरत राहतो. बिचारा अडकलेला असतो. दिवा मालवला की सुटतो.

आणि आपण? दिवा गेल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. तुम्ही घाबराल. घाबरा, पण उठू नका. डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे बघतात, त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं; झगझगीत उजेडात ते विरून जातं आणि अंधारात सावकाश पुन्हा भरतं. त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बसलात की अंगणाची कड दिसू लागेल, मग झाडांचे बुंधे, मग वाट. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला, की सगळ्यांची अर्ध्या तासाची कमाई गेली. लाल उजेड मात्र दंडपेशींना फारसा टोचत नाही, म्हणून टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावायचा.

एक प्रयोग करा. अगदी अंधुक तारा निवडा आणि त्याच्याकडे रोखून बघा. तो नाहीसा होईल. जरा बाजूला नजर वळवा, पुन्हा दिसेल. डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात, त्या भोवतीने असतात. म्हणून रात्री एखादी गोष्ट बघायची तर तिच्या किंचित बाजूला बघायचं. पौर्णिमा असली तर सगळं स्पष्ट दिसेल, पण रंग जवळजवळ दिसणार नाहीत. पूर्ण चंद्राचा उजेड सूर्याच्या सुमारे चार लाख पटींनी कमी असतो. शंकुपेशींना तो पुरत नाही.

चितळांच्या, बिबट्याच्या, उदमांजराच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकचकीत थर असतो. जो उजेड पडद्यातून निसटला, तो हा थर परत फिरवतो, म्हणजे डोळ्याला बघायची दुसरी संधी. टॉर्चमध्ये त्यांचे डोळे चमकतात ते यामुळे. आपल्याला तो थर नाही, वानरालाही नाही. पण कोळ्याला आहे! टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या अगदी जवळ धरा आणि अंगणातल्या गवतावर उजेड टाका. दवाचे थेंब नसतानाही हिरवट-निळे ठिपके लुकलुकतील. एकेका ठिपक्याकडे चालत जा; प्रत्येकाच्या मागे जमिनीवर शिकार करणारा एक कोळी बसलेला असेल. टॉर्च कमरेशी धरलात तर एकही दिसणार नाही, कारण उजेड जिथून आला तिथेच परततो. तेवढ्यात वाटेकडून 'चक, चक, चक, चक' असा वेग वाढत जाणारा आवाज आला, तर तो रातवा. वाटेवर बसूनच ओरडतो.

सकाळी लवकर उठा. आता सांगतो ती गोष्ट मेळघाटाची स्वतःची आहे.

पिंगळा तुम्ही आपल्या वडाच्या ढोलीत पाहिला आहे. त्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. डोक्यावर जवळजवळ ठिपके नाहीत, छाती तपकिरी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, आणि घुबड असूनही दिवसा हिंडतो. 1873 साली ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते. त्यानंतर थोडे नमुने मिळाले आणि 1884 नंतर काहीच नाही. संग्रहालयांत मिळून जेमतेम सात खरे नमुने. पण एक आठवा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने चिठ्ठी लावली होती, की हा मी 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळवला. लोकांनी विश्वास ठेवला आणि पक्षी शोधायला निघालेल्यांची दिशाच चुकली.

अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. पेंढा कसा भरला आहे, शिवण कशी आहे, क्ष-किरणात आत काय दिसतं. उलगडलं असं, की तो नमुना खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांचा होता. लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला. मग त्यांनी खोटी नोंद बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांच्या जागा काढल्या आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना घेऊन त्या निघाल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर सकाळी उजेडात रानपिंगळा बसलेला सापडला. 113 वर्षांनी! त्यानंतर शोध घेतला तेव्हा मेळघाटात तो चांगल्या संख्येने आहे असं दिसून आलं. सकाळच्या कोवळ्या उन्हात तुम्ही सागाच्या बोडक्या फांद्या नीट न्याहाळायच्या, त्या याच्यासाठी.

शेवटचं मचाणाचं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसवतात. उन्हाळ्यात पाणी मोजक्याच जागी उरतं, जनावरांना तिथे यावंच लागतं, आणि चंद्र रात्रभर असतो. वाघांची शास्त्रीय मोजदाद आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. तरी ही रात्र टिकून आहे ती रानात जागण्यासाठी. मळकट रंगाचे कपडे, अत्तर नाही, बोलणं नाही, आणि कोण किती वाजता आलं याचा कागद. त्यासाठी तुम्ही मोठे झालात की अर्ज करा. या वर्षी पडवीत बसा, प्रत्येकाने एक वही न्या आणि तासातासाला लिहा. दिसलं तेवढंच लिहायचं. अंधारात काहीतरी हललं आणि ओळखू आलं नाही, तर 'ओळखता आलं नाही' असं लिहा. तासभर कुणीच आलं नाही, तर वेळ टाकून 'काही नाही' लिहा. शेजारच्याला बिबट्या दिसला म्हणून तुमच्या वहीत बिबट्या येता कामा नये. परत आलात की वह्या माझ्याकडे आणा, मी एकेक ओळ वाचणार आहे.